पान लागलं

गड उतरताना वाटाडे मोतीरामबाबा मटकन खाली बसले. "ताई, पान लागलं," एवढंच म्हणाले. नाशिक रोडहून ट्रेकला आलेल्या तृप्तीला वाटलं, खाजकुयली असणार. घोट्यावरचे दोन ठिपके काट्याचे समजून तिने खाजेचं मलम चोळलं आणि नळी त्यांच्याच खिशात कोंबली. बाबा निर्धास्त होऊन चालू लागले. पायथ्याशी त्यांच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तसा जीपवाला ओरडला, "अहो ताई, फुरसं चावलंय! आमच्याकडं सापाचं नाव घेत नाहीत, पान म्हणतात!" जीप नाशिकला कशी पोचली, तिचं तिलाच ठाऊक. चौथ्या दिवशी ती मान खाली घालून वॉर्डात शिरली. बाबांनी पडल्यापडल्याच हात जोडले. "ताई, तुमच्या मलमानंच जगलो बघा. नळी पाड्यावर धाडलीय. सगळ्यांना सांगितलंय, आता पान लागलं तर हे लावायचं. घाबरायचं नाय. जीप नको, दवाखाना नको."