हवा काढताना

बायको वारल्यापासून शहादेवनं ट्रॅक्टरला हात लावला नव्हता. पेरणी तोंडावर आली तेव्हा त्यानं तेलगावहून डिझेलचे नवे पाईप आणले आणि तडकलेले जुने काढून बसवले. आता पाईपांतली हवा काढायची होती. एकानं हातानं पंप मारायचा, दुसऱ्यानं बोल्ट ढिला करून फेस थांबायची वाट बघायची. इतकी वर्षं पंप बायकोच मारायची. पान्यानं बोल्ट फिरवून तो सवयीनं म्हणाला, “मार, चतुरा.” ओसरीवर बियाणं निवडणारी सून ज्योत्स्ना थबकली. मग सूप खाली ठेवून ती आली आणि पंप मारू लागली. फेस विरला, स्वच्छ डिझेल आलं. “थांबू का, मामा?” तिनं विचारलं. चतुराला कधी विचारावं लागलं नव्हतं. त्याचा चेहरा बघूनच ती थांबायची. शहादेवच्या बोटांवरून डिझेल वाहत राहिलं, पण त्याला ‘हो’ म्हणवेना.