एप्रिलपर्यंत

ऑक्टोबर संपत आला होता. अमेरिकेतल्या बर्फाळ डुलुथमधल्या ड्वाइटच्या गाड्यांच्या सामानाच्या दुकानात लोर्ना बॅटरीचे दोन चार्जर समोर ठेवून उभी होती. नवऱ्याची, हार्लनची, जुनी लाल गाडी आता एप्रिलपर्यंत गॅरेजमध्ये झाकून ठेवायची होती.

"साधा घे," हार्लन गुरकावला. "गाडीतलं तुला काय कळतं?"

"साधा करंट देतच राहतो, बॅटरीची वाट लावतो. हा बॅटरी भरली की थांबतो, उतरली की आपोआप सुरू होतो. सहा महिने लावून ठेवला तरी चालतो."

"तीस वर्षांत माझ्यासाठी कधी एवढा विचार केला नाहीस."

"आत्ताही तुझ्यासाठी करत नाहीये."

हार्लन दार आपटून बाहेर गेला. चार्जर पिशवीत घालत ड्वाइट म्हणाला, "लोर्ना, त्या गाडीवर फारच जीव दिसतो तुझा."

लोर्नाने पिशवी उचलली.



"मला सोडून तो याच गाडीतून दुसरीकडे राहायला जाणार आहे, पण बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाने गाडी गंजेल म्हणून तो हिवाळाभर माझ्याच घरात बसणार आहे. एप्रिलमध्ये ती पहिल्याच किल्लीला सुरू झाली पाहिजे."