वापरणाऱ्यांची खुर्ची

"ठरावाच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करावेत," अध्यक्ष म्हणाले आणि गौरवी हात वर करायचा सोडून उभीच राहिली.

पेडण्यातल्या सभागृहात तालुक्याच्या इंटरनेट समितीचे नऊ सदस्य बसले होते. तीन सरकारचे, तीन मोबाइल कंपन्यांचे, तीन वापरणाऱ्यांचे. पूर्वी ही समिती म्हणजे सरकार आणि कंपन्या. रेंज कुठे द्यायची ते ठरवायचे आणि चहा पिऊन उठायचे. गौरवीने अर्ज करून करून साहेबलोकांना हैराण केले, तेव्हा कुठे वापरणाऱ्यांना तीन खुर्च्या मिळाल्या. नियमही तिनेच भांडून घालून घेतला होता: कंपनीचा पैसा खाणाऱ्याने या खुर्चीवर बसायचे नाही.

आजचा ठराव तिच्याच वाड्याचा, तिच्या वस्तीचा होता. नवा टॉवर एकच मिळणार होता. कंपन्यांना तो किनाऱ्यावर हवा होता, गौरवीला सड्याच्या कातळपठाराखालच्या वाड्यावर. गेल्या पावसात सासऱ्यांना झटका आला, तेव्हा रुग्णवाहिका बोलवायला ती त्यांना तसेच टाकून रेंजसाठी सड्यावर धावली होती. सासरे वाचले, पण उजवे अंग गेले ते गेलेच. त्या दिवसाचा संताप तिच्या मनात अजून ताजा होता.

"दत्तप्रसाद," ती शेजारच्या खुर्चीकडे वळली, "तुझ्या लॉजच्या गच्चीर कंपनीचो टॉवर उभो रवलो. भाडा घेतंस मा?"

दत्तप्रसाद शाळेत तिच्याच वर्गातला, वापरणाऱ्यांचाच सदस्य. टॉवर महिन्याभरापूर्वी चढला होता. अख्ख्या तालुक्याला तो दिसत होता, पण बोलायला कोणी तयार नव्हते.

"बाई, आधी मतदान होऊ दे," अध्यक्ष म्हणाले.

"नाय सायबानू. आधी ह्यां."

कंपनीवाल्यांचे चेहरे पडले. हक्काचा एक हात गेला, असेच त्यांना वाटले असणार. दत्तप्रसाद लालबुंद झाला, खुर्ची सोडून उठला आणि बाहेर गेला.

मग हात वर झाले. गौरवी, चोपड्याचे मच्छीमार बाबाजी आणि दोन सरकारी सदस्य बाजूने. कंपन्यांचे तिघे आणि एक सरकारी सदस्य विरोधात. चाराला चार. बरोबरी झाली की ठराव पडतो. वाड्याचा टॉवर गेला.

गौरवीने हाच ठराव पुढच्या बैठकीत पुन्हा घ्यायला लावला, रिकाम्या खुर्चीवर नवा माणूस नेमायला सांगितले आणि मगच ती बाहेर आली.

दत्तप्रसाद मोटरसायकलजवळ उभा होता.

"गे, आपल्याच पायार धोंडो मारून घेतलंस! माझो हात तुझ्याच बाजून वर जातलो होतो. भाडा बंद झाला तरी चलात, असा ठरवन इललंय मी."

"ठावक हा. तुझ्या बायलेन, सोनालीन, सकाळीच बाजारात सांगल्यान."

"मगे कित्याक उठवलंस माका?"

गौरवीने पदर खोचला आणि बसच्या दिशेने निघता निघता म्हणाली, "आज तू माझ्या बाजून म्हणान तुका बसूक दिला असता, तर उद्या माझ्या विरोधातल्याक उठ म्हणूक माका तोंडच उरला नसता."