चकतीचं वजन

निवृत्तीच्या दिवशी कपाट आवरताना सरांनी डबीतली धातूची चकती सहज काट्यावर ठेवली आणि हबकले. डबीवर त्यांनीच लिहिलेल्या वजनापेक्षा ती सात टक्के हलकी भरली. या धातूच्या दर ग्रॅममागे किती न्यूट्रॉन शोषले जातात हे मोजायला तीस वर्षं सगळ्या प्रयोगशाळांनी हीच चकती उसनी नेली, डबीवरचं वजन डोळे झाकून मानलं. म्हणून सगळ्यांची उत्तरं सारखीच कमी येऊन जुळली, सरांचा आलेख प्रमाण ठरला. एकट्या सहकारी बाईंनी स्वतःची चकती वापरली होती. त्यांचा बिंदू त्या आलेखाच्या सात टक्के वर गेला. "स्वयंपाकघरातला काटा आणलात का?" म्हणत सरांनी तो भरसभेत खोडला. "तुमची चकती एकदा काट्यावर ठेवा," असं विनवून थकलेल्या बाईंनी संशोधनच सोडलं. सरांनी फोन लावला. "बाई, तुमचंच बरोबर होतं. आज वजन केलं." "किती वेळ लागला, सर?" "दोन मिनिटं."