वाकडे फोर्क

नट हलत नव्हता.

ताईने पान्यावर पाय दिला, सगळं वजन टाकलं. पाना सटकला आणि तिच्या बोटांची सालटी निघाली.

"मेल्या, उजेड माझ्या तोंडावर नको. नटावर!"

"तिथेच धरलाय," धाकटा म्हणाला. त्याने बॅटरी दोन्ही हातांनी धरली.

शेडमध्ये दोन काळ्या क्रूझर मोटरसायकली शेजारी शेजारी उभ्या होत्या. मॉडेल एक, रंग एक. बहीणभावांनी हौसेने बरोबरच घेतलेल्या. धाकट्याच्या गाडीचे फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरून ठेवणारे दोन पाय, इंजिनाकडे वाकले होते. काल येताना कुत्रं आडवं आलं, असं त्याने घरी सांगितलं होतं.

उद्या सकाळी त्याला नोकरीवर हजर व्हायचं होतं. डोंगरातल्या वस्त्यांमध्ये फिरून मोजणी करायचं काम. अट एकच: गाडी स्वतःची हवी. किती उंबरे झिजवल्यावर मिळालेली नोकरी. आणि नवे फोर्क यायला आठवडा लागणार.

म्हणून ताईचे फोर्क त्याला. ताई बस आगाराच्या वर्कशॉपमध्ये होती, हे काम तिला नवं नव्हतं. "माझी राहील उघडी. नवे आले की बसवेन," असं ती सकाळीच म्हणाली होती.

हातोडा.

पुन्हा हातोडा.

नट सुटला. ताईने धाकट्याच्या गाडीचं चाक काढलं, मग मडगार्ड. ते उलटं करून पाहताना ती थांबली. आतल्या कडेला तपकिरी लोकरीचा धागा अडकला होता. धाकट्याने तो ओढायला हात पुढे केला.

"राहू दे."

"अगं, नुसता धागा—"

"म्हटलं ना, राहू दे. हात काळे करू नकोस. सकाळी जायचंय."

तिने ते मडगार्ड जपून बाजूला ठेवलं आणि वाकडे फोर्क उतरवले.

तिच्या गाडीचे फोर्क लोण्यासारखे खाली आले. धाकट्याच्या गाडीत तितक्याच सहज बसले. तिचं मडगार्डही तिने त्यालाच लावलं. हँडल धरून गाडी दोनदा दाबली, सोडली. गाडी छान वर आली.

"झाली तुझी. जा, बॅग भर."

तो गेला नाही. ताईने हात पुसले, आणि खाली पडलेला वाकडा फोर्क उचलून आपल्या गाडीत घालायला घेतला.

आई चहा घेऊन दारात आली. "त्याची झाली ना? मग आता हे काय?"

"माझी बंद करते."

"वाकडेच पाय लावून? आठवड्याने परत काढायचे, तर आज कशाला जीव काढतेस?"

"उघडी ठेवली की धूळ जाते."

"धूळ! स्वतःच्या खोलीतली कधी दिसली नाही ती हिला," आई म्हणाली आणि कप ठेवून आत गेली.

वाकड्यांनी मात्र छळ मांडला. एक बसला की दुसरा फिरायचा. चाकाचा दांडा एका बाजूने आत जायचा आणि दुसऱ्या बाजूला भलतीकडेच तोंड काढायचा. ताईने तो बाहेर ओढला. ग्रीस लावलं. पुन्हा घातला. पुन्हा तेच.

"जा, मर!" तिने हातोडा भिरकावला. तो पत्र्यावर आदळला.

"ताई, नको ना लावूस. मला तुला काहीतरी सांगा—"

"पाना दे."

"ताई, ऐक तरी."

"बहिरी आहे मी आज. पाना दे!"

त्याने पाना दिला. तिने फोर्कचे दोन्ही पाइप सैल केले आणि वाक होता तसाच, बरोबर इंजिनाकडे येईल असे फिरवले. दांडा सरकला. अडला. तिने तळहाताने ठोसा मारला.

गेला.

तिने धाग्यासकट ते मडगार्ड लावलं, शेवटचा बोल्ट आवळला आणि कपातला गार चहा एका दमात संपवला.

फाटक वाजलं. हवालदार होता. टोपी काढून त्याने कपाळ पुसलं.

"काल बाजारामागे घोंगडी पांघरलेल्या एका म्हाताऱ्याला उडवून गाडी पळाली. नंबर कोणी पाहिला नाही, पण काळी क्रूझर होती. म्हातारा दुपारी गेला." तो दोन्ही गाड्यांमधून फिरला, एकीपाशी उकिडवा बसला आणि वाकलेल्या पाइपावरून बोट फिरवलं. "ही कोणाची?"

धाकट्याने तोंड उघडलं.

"तू आत जा, बॅग भर," ताई म्हणाली. मग हवालदाराकडे वळली. "माझी आहे. आणि काल चालवत होते तीही मीच."