उशीखालचा मोबाइल

आमच्या वडनेर गावात दळण घेऊन निघालेली आई वाटेतल्या प्रत्येक ओट्यावर थांबून, कुठे चालली ते सांगूनच जाते. म्हणूनच ती माझ्याकडे हॅम्बुर्गला आली तेव्हा मी बजावलं, "इथं अनोळखी मानसाइसंगं बोलत नसते कोनी." रस्ता चुकली तर असावा म्हणून मोबाइलही दिला. एका दुपारी ऑफिसातून परतले, तर घर रिकामं आणि मोबाइल उशीखाली. इतकी वर्षं राहूनही मला एकाही शेजाऱ्याचं नाव ठाऊक नव्हतं, विचारणार कोणाला? घाबरून खाली धावले. मला पाहताच समोरच्या फुलवालीने हाताने लाटा करून दाखवल्या. कोपऱ्यावरच्या पाववाल्याने कपाळावर टिकलीची खूण करत नदीकडे बोट केलं. काठावर आई निवांत बदकं पाहत बसली होती. "न सांगता काऊन आली वं?" मी रडतच ओरडले. ती चक्रावली. "न सांगता? साऱ्या गल्लीले तं सांगून आली!"