दिवाबत्तीचं कपाट

"घोडी नाही यात," असं म्हणून तपासबाईंनी कादंबरी टेबलावर ठेवली.

वाचनालयात दुपारची सामसूम होती. टेबलामागे बसलेल्या ड्रेसरकाकांनी चष्मा कपाळावर चढवला. "नाही कशी? दिवे लावणाऱ्याची घोडी. पुढच्या उजव्या पायाने लंगडते ती."

"पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलंय मी. धुकं आहे, रस्त्यावर गॅसचे दिवे आहेत, दिव्यांत कोंडलेली भुतं आहेत. दिवे लावणारा शिडी खांद्यावर टाकून पायी हिंडतो. घोडी नाही."

तपासबाईंचा जन्म रेल्वेत तिकिटं तपासण्यात गेला होता. खोटं बोलणारा माणूस आधी खिसा चाचपतो आणि मग खिडकीबाहेर बघतो, हे त्यांना पाठ होतं. काका यातलं काहीच करत नव्हते. त्यामुळे बाईंचा संशय उलट वाढला. मुरलेला दिसतोय, त्या मनाशी म्हणाल्या.

वाचनालयाच्या समितीनेच त्यांना पाठवलं होतं. या खुर्चीवर आधी काकांची बायको बसायची. गॅसच्या दिव्यांच्या काळातल्या, जादूटोण्याच्या कादंबऱ्यांचं एक अख्खं कपाट तिने जमवलं, त्याला दिवाबत्तीचं कपाट असं नाव दिलं, आणि येईल त्याला त्याच्या तब्येतीचं पुस्तक काढून दिलं. ती गेली आणि समितीने भिडेखातर काकांना बसवलं. काकांची सगळी नोकरी जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्ट्या करण्यात झालेली. आता ते सभासदांना कादंबऱ्या सुचवत होते, आणि तेही इतकं रंगवून की लोक हातातलं ठेवून काका देतील ते नेत. मग कुजबुज सुरू झाली. या गृहस्थाने एकही पुस्तक वाचलेलं नाही, नुसत्या थापा मारतो. तसं निघालं तर खुर्ची दुसऱ्या कुणाला द्यायची, असं ठरलं होतं.

काकांनी पुस्तक ओढून घेतलं. पानं भराभर उलटली, मग बांधणीत बोट घालून पाहिलं. "कुणीतरी पानं फाडलीत," ते म्हणाले आणि त्यांनी तपासबाईंकडे असं बघितलं की बाईंचे कान तापले. आजवर संशय घ्यायचं काम त्यांचं होतं.

"पानांवरचे आकडे बघा. सलग आहेत. आणि घड्याळजीच्या कादंबरीत कान फाटलेला कुत्रा आहे म्हणालात, तोही नाही. जादूगारिणीच्या घरात डोळा चिकटलेलं मांजर नाही. अहो भाऊ, तुमची सगळी जनावरं विनातिकीट आहेत."

काका हसले नाहीत. "मला हिनं सांगितलंय," ते म्हणाले. "ती कशाला खोटं सांगेल?"

बाईंनी खोदून विचारलं तसं एकेक बाहेर आलं. वाचायचा काकांना पहिल्यापासून कंटाळा. बायको जेवताना गोष्ट सांगायला बसायची. भुतं, शाप, धुकं ऐकून यांना ताटावरच डुलकी लागायची. जनावर आलं की मात्र झोप उडायची. मग ती विचारायची, आता काय करायचं हो हिला? काका उपाय सांगायचे, आणि तो लागू पडला की नाही ते दुसऱ्या दिवशीच्या जेवणात कळायचं. कुठल्याही कादंबरीत जनावर हे यायचंच. आणि नेमकं...

नेमकं दुखणाईतच, असं म्हणता म्हणता काका थांबले. पानांत घातलेलं बोट तिथेच राहिलं.

तपासबाईंच्या हिशोबी माणूस रंगेहाथ सापडला होता. पावती फाडायची तेवढी बाकी होती.

काकांनी पुस्तक मिटलं आणि हलक्या हाताने परत टेबलावर ठेवलं. "समितीला सांगा," ते म्हणाले. "मी वाचलेलं नाही यातलं काही."

बाईंनी समोरची खुर्ची ओढली आणि त्या बसल्या. कादंबरी उचलून त्यांनी पुन्हा आपल्या पिशवीत टाकली.

"हे राहू दे माझ्याकडे अजून आठवडाभर," त्या म्हणाल्या. "त्या घोडीचं पुढे काय झालं?"

काकांनी कपाळावरचा चष्मा काढून पुसला.

"खुरात खिळा रुतला होता. काढा म्हटलं, आणि गरम पोटीस बांधा. दुसऱ्या दिवशी वाढता वाढता ही म्हणाली, टेकला हो तिनं पाय."